लॅपटॉपचा ताप मोजायचा कुणी? लिनक्सवर सेन्सर सापडत नाहीत तेव्हा

(परभणी येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावीत.)

बाहेर ऊन किती आहे ते तुम्ही बघतच आलात, त्यामुळे विषयाची गरज वेगळी सांगत बसत नाही. फक्त एक आकडा सांगतो. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चालवावं. आता एप्रिल-मे महिन्यात परभणीत, पत्र्याखालच्या खोलीत, दुपारी दोन वाजता ३५ अंश कुठे सापडतात ते मला दाखवा. (हशा) म्हणजे वर्षातले निदान दोन महिने आपण कंपनीने सांगितलेल्या मर्यादेबाहेर यंत्र चालवतो. चालवावं लागतं. त्याला इलाज नाही. पण मग निदान ते आतून किती तापलंय हे तरी आपल्याला कळलं पाहिजे की नाही?

दुसरं कारण जरा नवीन आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. आपल्याकडे जे लॅपटॉप मोठ्या शहरांतल्या कंपन्यांतून वापरून झाल्यावर सेकंडहँड येतात, त्यातले पुष्कळ सहाव्या-सातव्या पिढीचे. मग पोरांनी काय केलं, त्यावर लिनक्स मिंट टाकलं, उबुंटू टाकलं. चांगलं केलं. पण त्यानंतर तापमान दाखवणारं एखादं छोटं साधन पट्टीवर लावायला जातात आणि ते म्हणतं, सेन्सर सापडले नाहीत. किंवा, हे जास्त वाईट, ते एक आकडा दाखवतं आणि तो आकडा खोटा असतो. आज या दोन्ही गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

आधी एक समज दूर करू. लॅपटॉपमध्ये 'एक' तापमापी नसते. प्रोसेसरच्या आतच, प्रत्येक कोअरमध्ये एक सेन्सर असतो. एसएसडीत असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यात असतो. कधी वाय-फायच्या चिपमध्ये असतो. बॅटरीत असतो. आणि शिवाय बोर्डावर दोन-चार ठिकाणी असतात, ते एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप वाचते आणि त्यावरून पंखा चालवते. हा कंट्रोलर लिनक्स काय, विंडोज काय, कुणालाही न विचारता आपलं काम करत असतो. म्हणून लक्षात ठेवा: लिनक्सला सेन्सर दिसला नाही याचा अर्थ यंत्र आंधळं झालं असा नाही. पंखा फिरतोच, फार तापलं तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतोच. आंधळे झालेलो असतो ते आपण.

आता हा आकडा आपल्यापर्यंत येतो कसा? पावसाचं उदाहरण घेऊ, ते इथे सगळ्यांना पाठ आहे. महसूल मंडळात पर्जन्यमापक असतो. तिथला आकडा तहसीलला जातो, तिथून जिल्ह्याला, मग मुंबईला. यात मधली एक कडी तुटली तर वर आकडा शून्य, पाऊस मात्र पडलेला. लॅपटॉपमध्येही असंच आहे. सगळ्यात खाली चिप. तिच्याशी बोलणारा कर्नेलमधला ड्रायव्हर. तो ड्रायव्हर आकडा एका फाइलीत ठेवतो, 'सिस' या फोल्डरखाली 'क्लास', त्याखाली 'एचडब्ल्यूमॉन'. ती फाइल 'सेन्सर्स' नावाची आज्ञा वाचते. आणि सगळ्यात वर ते पट्टीवरचं सुंदर चिन्ह. लोक काय करतात, वरचं चिन्ह बदलून बघतात. हे नाही चाललं, दुसरं टाक. दुसरं नाही, तिसरं टाक. तलाठी बदलून पाऊस वाढत नसतो. शोध खालून वर करायचा.

आणि त्याच उदाहरणातली दुसरी गोष्ट. मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिलिमीटर भरला तर अतिवृष्टी. तुमच्या शिवारात ढगफुटी झाली आणि मापक असलेल्या गावात ४० च झाला, तर कागदावर अतिवृष्टी नाही. मापक खोटं बोलत नाही, ते दुसऱ्या जागेबद्दल बोलतंय. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे, तो बाजूला ठेवा.

पहिली पायरी : टर्मिनल

टर्मिनल उघडा आणि 'सेन्सर्स' एवढंच टाइप करा. तीन प्रकारची उत्तरं येतात.

एक, 'अशी आज्ञाच नाही'. मग काहीच बिघडलेलं नाही, पॅकेज बसवलेलं नाही. डेबियन, उबुंटू, मिंटमध्ये त्याचं नाव 'एलएम-सेन्सर्स'. फेडोरा आणि आर्चमध्ये तेच नाव, पण मधल्या आडव्या रेघेऐवजी खालची रेघ, अंडरस्कोर. एवढ्याशा फरकाने लोक अर्धा तास घालवतात. हे 'एलएम' काय आहे? नॅशनल सेमीकंडक्टर नावाच्या कंपनीच्या एलएम ७५, एलएम ७८ अशा चिपा असायच्या, नव्वदीच्या दशकातल्या मदरबोर्डांवर. त्यांच्यासाठी हा प्रकल्प सुरू झाला, म्हणून ते नाव चिकटलं. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये एलएम ७८ नसणार, नाव मात्र तेच.

दोन, 'एकही सेन्सर सापडला नाही, लागणारे ड्रायव्हर लोड केलेत का ते बघा'. यावर आपण येतोच आहोत.

तीन, काहीतरी आकडे येतात. तेव्हा आनंद करायची घाई नको. कोणते आकडे आहेत हे वाचायचं.

समजा दुसरं उत्तर आलं. मग एक पायरी खाली उतरा, तो 'एचडब्ल्यूमॉन' फोल्डर उघडून बघा. आत 'एचडब्ल्यूमॉन ०', 'एचडब्ल्यूमॉन १' असे फोल्डर दिसतील. प्रत्येकात 'नेम' नावाची एक फाइल आहे, ती 'कॅट' आज्ञेने वाचा. त्यात ड्रायव्हरचं किंवा चिपचं नाव असतं. आणि 'टेम्प १ इनपुट' अशा नावाच्या फाइलीत प्रत्यक्ष तापमान. ते सहस्रांश अंशात लिहिलेलं असतं. ४७००० दिसलं तर घाबरू नका, ते ४७ अंश आहेत. मागे एकाने ते बघून लॅपटॉप बंदच करून टाकला होता. (हशा)

हा फोल्डर रिकामा असेल, तर आधी एक साधा प्रश्न: लिनक्स खरोखर यंत्रावर चालतंय का? व्हर्च्युअल बॉक्समध्ये किंवा विंडोजच्या आतल्या डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्स चालवत असाल, तर त्याला खरा प्रोसेसर तसा दिसतच नाही, सेन्सर कुठून दिसणार? 'सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट' अशी आज्ञा आहे. तिने 'नन' म्हटलं तर यंत्र खरं. दुसरं काही म्हटलं तर शोध तिथेच थांबवा, तापमान बाहेरच्या विंडोजमधून बघा. कॉलेजातली मुलं बहुतेक इथेच अडकलेली असतात.

सेन्सर्स-डिटेक्ट

यंत्र खरं आहे आणि तरी सेन्सर नाही, तर 'सुडो सेन्सर्स-डिटेक्ट'. ही एक स्क्रिप्ट आहे. ती यंत्रात ठिकठिकाणी दार वाजवून बघते: प्रोसेसरमध्ये सेन्सर आहे का, बोर्डावरच्या सुपर आय-ओ चिपमध्ये आहे का, एसएमबस नावाच्या छोट्या वाहिनीवर कुणी बसलंय का. प्रत्येक दार वाजवण्याआधी विचारते, वाजवू का? उत्तर 'यस' की 'नो' यापैकी जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते तिच्या मते सुरक्षित. नुसतं एंटर दाबलं की तेच धरलं जातं. माझं म्हणणं, तेच धरू द्या. उगाच सगळ्याला 'यस' म्हणायचा उत्साह नको.

का नको, याला इतिहास आहे. आयबीएमच्या जुन्या काही थिंकपॅडमध्ये एका विशिष्ट जातीची ईईपीरॉम चिप होती, ॲटमेलची २४ आरएफ ०८. सेन्सर शोधायला म्हणून एसएमबसवर चौकशी पाठवली की ती चिप त्या चौकशीचा उलटा अर्थ घ्यायची आणि तिच्यातली माहिती बिघडायची. मग लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. निव्वळ 'तिथे कोण आहे?' असं विचारल्यामुळे! पुढे ड्रायव्हरमध्ये आणि स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली गेली, की यंत्र आयबीएमचं असेल तर त्या वाहिनीला हात लावायचा नाही. आजच्या लॅपटॉपला तो धोका नाही. पण प्रत्येक प्रश्नाआधी ती परवानगी का मागते हे यावरून कळतं.

लॅपटॉपवर ही स्क्रिप्ट बऱ्याचदा शेवटी म्हणते, काही सापडलं नाही. आणि पुढे स्वतःच सांगते की लॅपटॉपमध्ये असं होणं साधारण गोष्ट आहे, कारण तिथे तापमानाचा कारभार एसीपीआयकडे असतो. हे वाचून लोक हात टेकतात. टेकू नका. याचा अर्थ एवढाच की डेस्कटॉपच्या बोर्डावर जी चिप असते ती इथे नाही. प्रोसेसरच्या पोटातला सेन्सर वेगळा, एसएसडीचा वेगळा.

एक बारीक खोच आहे. सापडलं तर शेवटी ती विचारते, हे ड्रायव्हर 'ईटीसी मॉड्यूल्स' या फाइलीत लिहून ठेवू का? डेबियनच्या घराण्यात या एका प्रश्नाचं ठरलेलं उत्तर 'नो' आहे. तुम्ही सवयीने एंटर, एंटर, एंटर करत आलात की हाही एंटर जातो. मग ड्रायव्हर हाताने लोड करून आज सेन्सर दिसतात, उद्या यंत्र पुन्हा सुरू केलं की गायब. 'काल होतं, आज नाही' ही तक्रार आली की मी आधी ती फाइल उघडतो. तेवढा एक 'यस' टाइप करायचा.

ड्रायव्हर

इंटेलचा प्रोसेसर असेल तर ड्रायव्हरचं नाव 'कोअरटेम्प'. एएमडीचा असेल तर 'के १० टेम्प'. साधारणपणे हे आपोआप लोड होतात. झाले नसतील तर 'सुडो मॉडप्रोब कोअरटेम्प' करून बघा, आणि त्यावर येणारी चूक नीट वाचा, कारण दोन वेगळ्या चुका येतात आणि त्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत.

'नो सच डिव्हाइस' म्हणालं, तर ड्रायव्हर आहे, तो आत गेला, इकडेतिकडे बघितलं आणि आपलं काम इथे नाही म्हणून परत आला. एएमडीच्या यंत्रावर कोअरटेम्प चालवलं की हेच होणार. 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणालं, तर ड्रायव्हरची फाइलच तुमच्या चालू कर्नेलसाठी नाही. एकतर अपडेट करून यंत्र पुन्हा सुरू केलेलं नाही, नवा कर्नेल डिस्कवर आणि जुना चालू. किंवा जागा वाचवायला कुणीतरी जादा मॉड्यूलचं पॅकेज काढून टाकलंय. पहिल्या बाबतीत रीस्टार्ट, दुसऱ्या बाबतीत पॅकेज. तिसरी शक्यताही तपासा: 'ईटीसी मॉडप्रोब डॉट डी' या फोल्डरमध्ये कुणी 'ब्लॅकलिस्ट' अशी ओळ लिहून ठेवलीय का. सेकंडहँड यंत्रात आधीच्या माणसाचे असे उपद्व्याप सापडतात.

नवीन लॅपटॉपचं दुखणं उलटं असतं. प्रोसेसर कर्नेलपेक्षा नवा. एएमडीच्या ड्रायव्हरला प्रोसेसरची नवी पिढी ओळखायला तिची ओळखखूण आधी कर्नेलमध्ये लिहिलेली असावी लागते. तुम्ही दोन वर्षं जुनी लिनक्सची पेन ड्राइव्ह वापरली तर त्याला नवा पाहुणा कसा ओळखू येणार? 'यूनेम हायफन आर' ने कर्नेलचा क्रमांक बघा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नेल्स म्हणून सोय आहे, तिथून नवा घेता येतो. जुना ठेवून नवा बसतो, त्यामुळे भीती नाही.

एसएसडीचं तापमान हवं असेल, तर तुमची एसएसडी कोणत्या प्रकारची यावर आहे. एनव्हीएमई असेल तर कर्नेल ५.५ पासून ती आपोआप दिसते. साटा प्रकारची असेल, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून आपण साटाच टाकतो, तर 'ड्राइव्हटेम्प' नावाचा ड्रायव्हर लागतो. तो ५.६ पासून आहे, पण आपोआप लोड होत नाही. हाताने लोड करायचा आणि त्या फाइलीत लिहून ठेवायचा. हे इतकं सोपं आहे आणि फार कमी जणांना माहीत आहे.

पंख्याचा वेग आणि बोर्डाचे सेन्सर हे कंपनीप्रमाणे बदलतं. डेलसाठी 'डेल-एसएमएम-एचडब्ल्यूमॉन', थिंकपॅडसाठी 'थिंकपॅड-एसीपीआय', असूससाठी वेगळा. काही लॅपटॉपसाठी कुणी ड्रायव्हर लिहिलेलाच नाही. मग पंख्याचा वेग दिसणार नाही. त्यावाचून अडत नाही.

खोटा आकडा

आता तिसऱ्या उत्तराकडे वळू. सेन्सर आहेत, आकडे आहेत.

त्यात बहुधा 'एसीपीआयटीझेड' असं एक नाव दिसेल. याचा अर्थ हा आकडा लॅपटॉपच्या फर्मवेअरने सांगितलेला आहे. फर्मवेअर लिहिणाऱ्याने तो प्रामाणिकपणे बोर्डावरच्या सेन्सरवरून घेतला असेल, तर ठीक. तो बोर्डाचा आहे, प्रोसेसरचा नाही, पण खरा आहे. मंडळातला पर्जन्यमापक. पण पुष्कळ लॅपटॉपमध्ये तिथे एक पक्का आकडा लिहून ठेवलेला असतो. यंत्र थंड असो की भाजत असो, तो म्हणतो २७.८ अंश. हा आकडा नेटवर शोधलात तर जगभरातले लोक सापडतील ज्यांच्या लॅपटॉपचं तापमान २७.८ आहे. हे कसं? एसीपीआयच्या नियमानुसार तापमान केल्व्हिनच्या दहाव्या भागात सांगायचं. कुणीतरी ३०१० असा गोल आकडा लिहून दिला, म्हणजे ३०१.० केल्व्हिन. लिनक्स त्यातून २७३.२ वजा करतं. उरले २७.८. परभणीत मे महिन्यात पहाटे चार वाजतासुद्धा खोलीत २७.८ नसतात, आणि चालू यंत्राच्या आत कुठून असणार?

याने नुकसान कसं होतं ते सांगतो. मानवतकडचा एक तरुण, शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवतो. सेकंडहँड लॅपटॉप, त्यावर मिंट. पीक विम्याची मुदत संपत आलेली, दारात रांग, आणि लॅपटॉप दर पंधरा-वीस मिनिटांनी फटकन बंद. अर्धा भरलेला अर्ज गेला की पुन्हा सातबारा, पुन्हा आधार, पुन्हा ओटीपी. शेतकरी एक दिवसाची मजुरी सोडून आलेला असतो, त्याला 'उद्या या' म्हणणं सोपं नाही. याने पट्टीवर तापमान लावलं होतं, ते २७.८ दाखवत होतं. म्हणून त्याने गरम होण्याची शंका काढूनच टाकली. बॅटरी नवी घेतली. फरक नाही. एका दुकानात मदरबोर्ड गेला असं सांगितलं गेलं, आणि त्या दुरुस्तीच्या पैशांत दुसरा सेकंडहँड लॅपटॉप आला असता.

टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' टाइप केलं तर कोअरटेम्प व्यवस्थित चालू होतं. 'पॅकेज आयडी ०' या ओळीवर, काही मोठं काम चालू नसताना, नव्वदीच्या पुढे. पट्टीवरचं साधन मात्र 'एचडब्ल्यूमॉन ०' वाचत होतं, आणि त्या यंत्रात शून्य क्रमांकावर बसला होता एसीपीआयटीझेड. लॅपटॉप उघडला. केंद्राच्या जवळच जिनिंग. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या जाळीच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा जाड नमदा बसलेला, गादीला घालता आला असता. तो काढला, सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. बंद पडणं थांबलं. खर्च पेस्टच्या ट्यूबचा.

इथे हार्डवेअरमध्ये खराब काहीच नव्हतं. आकडा चुकीच्या मापकाचा होता, एवढंच.

म्हणून दोन गोष्टी. एक, एचडब्ल्यूमॉनच्या क्रमांकावर विश्वास ठेवू नका. ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतात तसे क्रमांक पडतात. आज जो २ आहे तो उद्या ३ होऊ शकतो. नेहमी 'नेम' फाइलीतल्या नावावरून ओळखा. दोन, आकडा खरा आहे का याची परीक्षा घ्या. एखादा व्हिडिओ लावा, दहा टॅब उघडा, आणि 'वॉच सेन्सर्स' ही आज्ञा चालवून बघत राहा. प्रोसेसरचा खरा सेन्सर काही सेकंदांत उडी मारतो आणि काम थांबलं की उतरतो. जो जागचा हलत नाही तो सेन्सर नव्हे.

प्रोसेसरच्या सेन्सरचंही एक वैशिष्ट्य सांगून ठेवतो, मला स्वतःला ते फार आवडतं. इंटेलचा सेन्सर 'माझं तापमान ७० आहे' असं सांगतच नाही. तो सांगतो, 'मी धोक्याच्या रेषेपासून ३० अंश लांब आहे'. विहिरीत किती पाणी आहे ते न सांगता काठापासून पाणी किती खाली आहे ते सांगावं, तसं. कोअरटेम्प ती धोक्याची रेषा, समजा १०० अंश, प्रोसेसरला विचारतो आणि वजाबाकी करून ७० लिहितो. नव्या प्रोसेसरमध्ये ती रेषा वाचता येते. जुन्या कोअर २ ड्युओसारख्या काहींमध्ये ती वाचता येत नव्हती, ड्रायव्हरला अंदाज करावा लागायचा, १०० की ८५. अंदाज चुकला की सगळे आकडे १५ अंशांनी चुकीचे. आणि हा सेन्सर धोक्याच्या जवळ जास्त अचूक असतो, लांब असताना कमी. म्हणून जानेवारीत सकाळी थंड यंत्र सुरू केल्यावर एखादा कोअर खोलीपेक्षाही थंड दाखवला, तर तो बिघाड नाही. एएमडीचंही असंच एक आहे: 'टीसीटीएल' हा आकडा पंख्यासाठी ठरवलेला असतो, आणि रायझेन ७ च्या १८०० एक्ससारख्या काही पहिल्या प्रोसेसरमध्ये तो खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंश जास्त ठेवलेला होता.

बंद पडण्याचं कारण उष्णताच होती का, हे मागाहूनही बघता येतं. 'जर्नलसीटीएल', मग 'हायफन बी', मग 'हायफन १'. याने मागच्या वेळी यंत्र चालू होतं तेव्हाची नोंदवही उघडते. शेवटी 'क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड' असं असेल तर कर्नेलनेच बंद केलं. 'क्लॉक थ्रॉटल्ड' असेल तर प्रोसेसर आधीपासून दमत होता. काहीच नसेल, नोंद मध्येच तुटलेली असेल, तर एकतर हार्डवेअरने क्षणात वीज तोडली किंवा बॅटरी-चार्जरचा घोटाळा. तेव्हा चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे सेन्सरवर नजर ठेवून बघायचं.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उणे २७३.२ अंश दाखवतं.

म्हणजे फर्मवेअरने शून्य पाठवलं. शून्यातून २७३.२ वजा. विश्वातलं सगळ्यात कमी तापमान, तेही परभणीत. (हशा) त्या सेन्सरकडे दुर्लक्ष करा. 'ईटीसी'मध्ये 'सेन्सर्स डॉट डी' फोल्डर आहे, त्यात चिपचं नाव लिहून 'इग्नोअर टेम्प १' अशी ओळ घातली की तो यादीतून जातो.

प्रश्न : नेटवर एक उपाय दिलाय, कर्नेलला 'एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस' हे 'लॅक्स' करायचं. करू का?

लॅपटॉपवर नको. त्याचा अर्थ असा होतो की एकाच चिपशी फर्मवेअर आणि ड्रायव्हर दोघंही एकाच वेळी बोलणार. एका विहिरीवर दोन मोटारी, आणि चालू-बंद करणारे दोघं एकमेकांना न विचारता. पंख्याचा ताबा त्याच चिपकडे असेल तर आकडा बघण्याच्या नादात पंखाच थांबेल. डेस्कटॉपवाले करतात, त्यांचं ते बघून घेतील.

प्रश्न : प्रोसेसरचा सेन्सरच खराब झाला असेल तर?

फार क्वचित. तो प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो, वेगळा सुटा भाग नाही. तो गेला असेल असं म्हणण्याआधी ड्रायव्हर, कर्नेल आणि नाव हे तीन तपासून घ्या. बायोसच्या पडद्यावर तापमान दिसत असेल तर तेही बघा. तिथे दिसतंय आणि लिनक्समध्ये नाही, तर दोष ड्रायव्हरचा.

प्रश्न : सेन्सर दिसतात, पण पंखा वाढवता येत नाही. 'पीडब्ल्यूएम कॉन्फिग' म्हणतं, असा काही पंखाच नाही.

बहुतेक लॅपटॉपमध्ये तसंच उत्तर येईल, कारण पंखा त्या एम्बेडेड कंट्रोलरच्या हातात आहे आणि तो दुसऱ्या कुणाला देत नाही. थिंकपॅडसारख्या काहींमध्ये देतो. बाकी ठिकाणी वेग कमी करा: पॉवर सेव्हर निवडा, टर्बो बंद करा, लॅपटॉप गादीवरून उचलून फळीवर ठेवा. आणि पावसाळा लागायच्या आत एकदा जाळी साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. जिनिंगजवळ राहत असाल तर दिवाळीनंतर पुन्हा एकदा.